प्लेराइट, मॉक आणि फेल झालेली टेस्ट : एक परीक्षण

वेब ॲप्लिकेशनची ब्राउझरमधून चालणारी टेस्ट फेल झाली की पहिला प्रश्न उभा राहतो तो दोष नेमका कोणाकडे आहे हा: ॲप्लिकेशनकडे, टेस्टकडे, की त्या दोघांच्या मधे बसवलेल्या मॉककडे, म्हणजे खऱ्या सर्व्हरऐवजी ठरलेले उत्तर देणाऱ्या बनावट भागाकडे. टेस्ट लिहिणे सोपे करणारी साधने आज पुष्कळ आहेत. या प्रश्नाचे उत्तर लवकर आणि पुराव्यानिशी देणारी मात्र थोडी आहेत, आणि माझ्या मते टेस्टिंगच्या कोणत्याही साधनाचा कस इथेच लागतो. मायक्रोसॉफ्टने २०२० साली प्रसिद्ध केलेले प्लेराइट हे साधन मी या परीक्षणात केवळ याच अंगाने पाहणार आहे. त्याचा वेग, त्यातली लेखनाची सुटसुटीत पद्धत, आपोआप कोड तयार करून देण्याची सोय यांबद्दल भरपूर लिहिले गेले आहे. मॉक लावलेली टेस्ट बिघडते तेव्हा ते किती साथ देते, याची चर्चा त्यामानाने कमी होते.

ओळख थोडक्यात करून देतो. गूगलमध्ये पपेटियर हे साधन घडवणाऱ्या मंडळींपैकी काहींनी मायक्रोसॉफ्टमध्ये येऊन प्लेराइट उभे केले. ते क्रोमियम, फायरफॉक्स आणि वेबकिट या तिन्ही इंजिनांवर चालते, जावास्क्रिप्ट व टाइपस्क्रिप्टखेरीज पायथन, जावा आणि डॉटनेटमधूनही वापरता येते, आणि अपाचे २.० परवान्याखाली मोफत मिळते. (वेबकिटवर पास झालेली टेस्ट म्हणजे सफारीवर पास झालेली टेस्ट नव्हे, कारण प्लेराइट वेबकिटची स्वतः बांधलेली आवृत्ती वापरते. अहवालात 'सफारीवर तपासले' असे लिहिण्याआधी हे लक्षात घ्यावे.) पुढील विवेचनात टाइपस्क्रिप्ट आणि प्लेराइटचा स्वतःचा टेस्ट रनर गृहीत धरला आहे.

मॉक करण्याची मुख्य सोय म्हणजे पेजवरची 'राउट' ही मेथड. तिला पत्त्याचा एक पॅटर्न आणि एक हँडलर द्यायचा. पॅटर्नमध्ये बसणारी रिक्वेस्ट नेटवर्कवर जाण्याआधी हँडलरच्या हाती येते आणि तिचे पुढे काय करायचे ते हँडलर ठरवतो: 'फुलफिल' करून तयार रिस्पॉन्स द्यायचा, 'अबॉर्ट' करून ती तोडायची, 'कंटिन्यू' करून पुढे जाऊ द्यायची, किंवा 'फॉलबॅक' करून आधी नोंदवलेल्या दुसऱ्या हँडलरकडे सोपवायची. यात ॲप्लिकेशनच्या कोडला हात लावावा लागत नाही, हा या पद्धतीचा मोठा गुण आहे. जेस्ट किंवा व्हाइटेस्ट या जावास्क्रिप्टच्या टेस्टिंग साधनांमध्ये आपण पुष्कळदा संपूर्ण मॉड्यूलच बदलून टाकतो आणि त्याबरोबर सर्व्हरशी बोलणारा आपला स्वतःचा कोडही टेस्टमधून वगळला जातो. यूआरएल चुकीचा जोडला गेला, हेडर लावायचा राहिला, सर्व्हरकडून ४०९ किंवा ४२२ हा एररचा कोड आल्यावर योग्य तो संदेश दाखवला गेला नाही, यांपैकी काहीच तिथे पकडले जात नाही. मॉक नेटवर्कच्या सीमेवर लावला की हा सारा कोड खराखुरा चालतो, आणि म्हणूनच ब्राउझरमधल्या इंटिग्रेशन टेस्टसाठी मी ही पद्धत निःसंकोच पसंत करतो.

आता मुख्य तक्रार. लावलेला मॉक एकदाही वापरला गेला नाही, तर प्लेराइट त्याबद्दल अवाक्षर काढत नाही. पॅटर्नमध्ये न बसलेली रिक्वेस्ट निमूटपणे खऱ्या नेटवर्कवर निघून जाते.

याचा परिणाम एका उदाहरणात जवळून पाहू. ऑर्डरींची यादी दाखवणारे एक पान आहे. टेस्टमध्ये दोन तारका, मग 'एपीआय', मग 'ऑर्डर्स' असा ग्लॉब पॅटर्न, म्हणजे तारकेच्या जागी कोणताही मजकूर चालणारा नमुना, दिला आहे. त्यात बसणाऱ्या रिक्वेस्टला रिकामी यादी द्यायची आणि पानावर 'अद्याप एकही ऑर्डर नाही' हा मजकूर येतो का ते पाहायचे, एवढीच ती टेस्ट. ती बराच काळ पास होत राहते. मग कोणीतरी त्या यादीची पानांमध्ये विभागणी करते आणि रिक्वेस्टच्या शेवटी प्रश्नचिन्हासह 'पेज=१' अशी क्वेरी स्ट्रिंग जोडली जाते. ग्लॉब पॅटर्न संपूर्ण यूआरएलशी, म्हणजे क्वेरी स्ट्रिंगसकट, ताडला जातो. त्यामुळे जुना पॅटर्न आता जुळत नाही आणि रिक्वेस्ट थेट डेव्हलपमेंट सर्व्हरकडे जाते. तिथला डेटाबेस रिकामा असेल तर टेस्ट पासच होत राहते, आणि मॉक निकामी झाला आहे याचा कोणाला पत्ताही लागत नाही. तिथे चार ऑर्डरी असतील तर टेस्ट फेल होते, पण संदेश काय येतो? अमुक मजकूर असलेला घटक ५ सेकंदांत दिसला नाही, एवढाच. मग आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी अशी गत होते. टेस्ट दुरुस्त करायला घेतलेली व्यक्ती यादीच्या कंपोनंटमध्ये, लोकेटरमध्ये (पानावरचा घटक शोधणाऱ्या कोडमध्ये), सीएसएसमध्ये दोष शोधत बसते, आणि खरा दोष पॅटर्नच्या शेवटी नसलेल्या एका तारकेत असतो.

हे टाळण्यासाठी पॅटर्न अधिक सैल करणे हा उपाय मला पुरेसा वाटत नाही, कारण शेवटी तारका लावली की 'ऑर्डर्स-आर्काइव्ह' सारखा शेजारचा पत्ताही त्यात सापडतो. प्लेराइट पॅटर्नच्या जागी फंक्शन स्वीकारते आणि त्या फंक्शनला यूआरएल ऑब्जेक्ट मिळतो. त्यातला फक्त पाथनेम (क्वेरी स्ट्रिंग वगळून उरणारा पत्त्याचा भाग) ताडून पाहणे सर्वांत स्पष्ट आणि वाचायलाही सोपे पडते. ग्लॉबचे नियमही काळाच्या ओघात बदललेले आहेत: १.५२ आवृत्तीपासून प्रश्नचिन्ह आणि चौकटी कंस यांचा ग्लॉबमधला विशेष अर्थ काढून टाकण्यात आला. आवृत्ती बदलल्यावर एखादा मॉक अचानक लागू होईनासा झाला, तर पाहण्याची ही एक जागा आहे.

परंतु खरा उपाय पहारा बसवण्याचा आहे. प्रत्येक टेस्टआधी आपोआप चालणाऱ्या फिक्स्चरमध्ये (पूर्वतयारीच्या कोडमध्ये) आपल्या एपीआयच्या सर्व पत्त्यांना लागू होणारा एक सर्वसमावेशक हँडलर नोंदवावा, त्याने येणारी प्रत्येक रिक्वेस्ट तोडावी आणि तिचा पत्ता एका यादीत लिहून ठेवावा. टेस्ट संपताना ती यादी रिकामी आहे हे तपासावे. इथे क्रमाला महत्त्व आहे. एकाच रिक्वेस्टला अनेक हँडलर लागू होत असतील तर प्लेराइट सर्वांत शेवटी नोंदवलेल्याला आधी विचारते. म्हणून पहाऱ्याचा हँडलर सर्वांत आधी नोंदवला तरच तो सर्वांत शेवटी विचारला जातो. एक्स्प्रेससारख्या सर्व्हर फ्रेमवर्कमध्ये राउट वरून खाली तपासले जातात, त्यामुळे ती सवय असलेल्यांचा इथे हमखास गोंधळ उडतो आणि त्यांचा पहारेकरी इतर सगळ्या मॉकना खो घालतो. क्रम नीट लावला की वरच्या उदाहरणातला फेल संदेश पूर्णपणे बदलतो: 'अमुक यूआरएलला मॉक सापडला नाही' असे तो थेट सांगतो आणि शोध तिथेच संपतो. माझे स्पष्ट मत आहे की ही सोय साधनातच, मूळ सेटिंग म्हणून, असायला हवी होती.

या बाबतीत इतरांनी अधिक चांगले काम केले आहे. सायप्रेस या ब्राउझर टेस्टिंगच्या दुसऱ्या साधनाच्या रनरमध्ये लावलेल्या इंटरसेप्टचा (तिथल्या मॉकचा) तक्ता दिसतो आणि प्रत्येकावर किती रिक्वेस्ट आल्या तो आकडाही त्यात असतो. शिवाय इंटरसेप्टला टोपणनाव देऊन त्याची वाट पाहिली आणि ठरावीक वेळेत रिक्वेस्ट आलीच नाही, तर टेस्ट त्या नावाचा उल्लेख करूनच फेल होते. मॉक सर्व्हिस वर्कर या लायब्ररीत हँडलर नसलेल्या रिक्वेस्टचे काय करायचे यासाठी स्वतंत्र सेटिंग आहे: मूळ सेटिंग इशारा देण्याचे असते आणि ते बदलून थेट एरर देण्याचे करता येते. अर्थात ब्राउझरमध्ये तो इशारा ब्राउझरच्या कन्सोलवर उमटतो, आणि टेस्ट रनर तो कन्सोल आपणहून वाचत नाही. प्लेराइटच्या टेस्टमध्ये पेजच्या कन्सोल घटनेवर कान ठेवला नसेल तर तोही इशारा वाया जातो.

हँडलर लागू झाला पण त्यातून काहीच निष्पन्न झाले नाही, ही याच्या नेमकी उलट अवस्था. हँडलरमध्ये 'पोस्ट' रिक्वेस्ट असेल तर बनावट रिस्पॉन्स द्यायचा असे लिहिले आणि 'गेट'साठी काहीच लिहिले नाही, तर 'गेट' रिक्वेस्ट अधांतरी लटकते. ती फेलही होत नाही आणि पूर्णही होत नाही. पानावरचे चक्र फिरत राहते. क्लिकसारख्या कृतींना प्लेराइटमध्ये मूळ सेटिंगनुसार स्वतंत्र वेळमर्यादा नसते, त्यामुळे कृती संपूर्ण टेस्टची मर्यादा, म्हणजे ३० सेकंद, संपेपर्यंत थांबून राहते आणि मग जो संदेश येतो तो बटणाबद्दल असतो, लटकलेल्या रिक्वेस्टबद्दल नसतो. कृतींसाठी वेगळी आणि लहान वेळमर्यादा लावून घेणे, आणि प्रत्येक हँडलरच्या अखेरीस न बसलेल्या रिक्वेस्टसाठी 'फॉलबॅक' लिहिणे, या दोन गोष्टी मी नियम म्हणून पाळाव्यात असे सुचवेन. 'कंटिन्यू'पेक्षा 'फॉलबॅक' बरा, कारण 'कंटिन्यू' रिक्वेस्टला पहाऱ्याला वळसा घालून सरळ नेटवर्कवर पाठवतो. हे शब्द दिसायला सारखे वाटतात, पण शोध घेताना हा फरक फार मोठा ठरतो.

तक्रारींचा पाढा इथे थांबवून आता प्लेराइटच्या सर्वांत मोठ्या गुणाकडे वळतो, आणि तो म्हणजे ट्रेस व्ह्यूअर. फेल झालेल्या टेस्टचा संपूर्ण इतिहास एका झिप फाइलमध्ये जमा होतो. ती उघडली की प्रत्येक कृतीच्या आधीचे, कृतीच्या क्षणाचे आणि नंतरचे पान पाहायला मिळते, आणि ते निव्वळ छायाचित्र नसून डॉमची, म्हणजे पानाच्या घटकांच्या रचनेची, प्रतिकृती असते, त्यामुळे त्यातले घटक तपासता येतात. सोबत कन्सोल, टेस्टचा सोर्स कोड आणि नेटवर्कची पूर्ण नोंद असते. नेटवर्कच्या तक्त्यात राउटसाठी वेगळा रकाना असतो. रिक्वेस्ट आपल्या हँडलरने फुलफिल केली, पुढे जाऊ दिली की तोडली, हे त्यात लिहिलेले असते. रकाना रिकामा असेल तर ती रिक्वेस्ट कोणत्याही हँडलरच्या हाती लागलीच नाही असा त्याचा अर्थ. वर सांगितलेले ऑर्डरींचे कोडे हा एक रकाना पाहिला तरी सुटते. त्यामुळे मॉक लावलेली टेस्ट फेल झाली की संदेश, स्टॅक आणि लोकेटर यांच्या मागे लागण्याआधी नेटवर्कचा तक्ता उघडावा, असे मी आग्रहाने सांगेन.

कृतींची नोंदही तितकीच मोलाची आहे. क्लिक करण्याआधी प्लेराइट तो घटक दिसतो आहे का, स्थिर आहे का, वापरण्याजोगा आहे का आणि क्लिक खरोखर त्यालाच पोहोचेल का, हे तपासते. स्थिर म्हणजे लागोपाठच्या किमान दोन ॲनिमेशन फ्रेममध्ये त्याची चौकट तीच असली पाहिजे. यांपैकी कोणती अट पुरी झाली नाही ते नोंदीत लिहिलेले असते. बटणावर दुसरा एखादा घटक आडवा आला असेल, तर तो नेमका कोणता हेही नोंद सांगते. मॉकने कुकीच्या संमतीची रिक्वेस्ट अडवली आणि त्यामुळे संमतीची पट्टी बटणावर तशीच राहिली, अशा प्रकारचा दोष या एका ओळीवरून उघड होतो.

ट्रेस केव्हा नोंदवायचा याबाबत मात्र सावध राहिले पाहिजे. नवा प्रकल्प सुरू करताना प्लेराइट जे कॉन्फिगरेशन तयार करून देते, त्यात पहिल्या पुनर्प्रयत्नाच्या वेळी ट्रेस नोंदवण्याचा पर्याय असतो. जागा आणि वेळ वाचवण्यासाठी तो ठीक आहे, परंतु कधी पास तर कधी फेल होणाऱ्या टेस्टसाठी तो निरुपयोगी ठरू शकतो: टेस्ट पहिल्यांदा फेल झाली आणि दुसऱ्यांदा पास झाली, तर आपल्या हाती ट्रेस येतो तो पास झालेल्या प्रयत्नाचा. ज्या प्रयत्नात दोष घडला त्याचा काहीच पुरावा उरत नाही. शिवाय पुनर्प्रयत्नांची संख्या शून्य ठेवलेली असेल तर ट्रेस नोंदवलाच जात नाही. अशा टेस्टचा छडा लावायचा असेल तोवर, प्रत्येक प्रयत्न नोंदवून फक्त फेल झालेल्यांचा ट्रेस राखून ठेवण्याचा पर्याय निवडावा. रन थोडा मंदावतो, पण पुरावा हाती लागतो. पुनर्प्रयत्नात पास झालेल्या टेस्टला प्लेराइट अहवालात 'फ्लेकी' असा वेगळा शेरा देते आणि अशी टेस्ट आढळल्यास संपूर्ण रनच फेल ठरवण्याचा पर्यायही देते. हे मला मनापासून आवडते, कारण पुनर्प्रयत्नांवर वेळ मारून नेण्याची सवय त्यामुळे मोडते. आणखी एक खबरदारी: ट्रेसमध्ये रिक्वेस्टचे हेडर, कुकी आणि मजकूर जसेच्या तसे असतात. खऱ्या टोकनसह चाललेल्या टेस्टचा ट्रेस सर्वांना डाउनलोड करता येईल अशा जागी ठेवू नये.

आता वेळेच्या प्रश्नाकडे येतो, कारण मॉकमुळे होणारे सर्वांत फसवे बिघाड इथे असतात. बनावट रिस्पॉन्स जवळजवळ तत्क्षणी येतो. खऱ्या सर्व्हरशी बोलताना जो मधला काळ असतो तो नाहीसा होतो, आणि त्या काळात जे घडायचे तेही नाहीसे होते. 'लोड होत आहे' असे दाखवणारे चक्र एवढ्या थोड्या वेळासाठी येते की ते दिसते का हे तपासणारी टेस्ट कधी पास तर कधी फेल होते. क्लिक आधी करून मग रिस्पॉन्सची वाट पाहायला सुरुवात केली, तर रिस्पॉन्स तोवर येऊनही गेलेला असतो आणि टेस्ट वेळमर्यादा संपेपर्यंत ताटकळते. वाट पाहण्याचे प्रॉमिस (पुढे पूर्ण होणाऱ्या कामासाठीचा जावास्क्रिप्टमधला ऑब्जेक्ट) क्लिकच्या आधी तयार करून क्लिकनंतर त्यावर थांबणे हाच त्याचा योग्य क्रम आहे. अशा ठिकाणी ठरावीक मिलिसेकंदांची विश्रांती घुसवणे किंवा नेटवर्क शांत होण्याची वाट पाहणे हे दोन्ही मार्ग लोक सर्रास वापरतात. नेटवर्क शांत होणे म्हणजे ५०० मिलिसेकंद एकही जोडणी नसणे, आणि टेस्टमध्ये याचा वापर करू नये असे प्लेराइटचे स्वतःचे दस्तऐवज सांगतात.

पण हाच दुर्गुण प्लेराइटमध्ये गुणात बदलता येतो, कारण हँडलर हे असिंक फंक्शन असते आणि ते कितीही वेळ थांबवून ठेवता येते. हँडलरमध्ये एक प्रॉमिस ठेवावे, चक्र दिसते आहे हे निवांत तपासावे, मग टेस्टमधून ते प्रॉमिस मोकळे करावे आणि चक्र गेले हे तपासावे. यात एकही मिलिसेकंद अंदाजाने लिहावा लागत नाही. याहून मोलाचा उपयोग म्हणजे रिस्पॉन्सचा क्रम उलटवणे. शोधाच्या चौकटीत दोन अक्षरे टाइप केली, पहिली रिक्वेस्ट गेली. तिसरे अक्षर टाइप केले, दुसरी रिक्वेस्ट गेली. दुसऱ्या रिक्वेस्टचे उत्तर आधी आणि पहिल्याचे नंतर आले, तर अनेक ॲप्लिकेशन जुने निकाल नव्या निकालांवर चढवतात. खऱ्या नेटवर्कवर हा दोष क्वचित आणि मर्जीनुसार दिसतो. प्लेराइटमध्ये पहिल्या रिक्वेस्टचा हँडलर थांबवून, दुसऱ्याला आधी उत्तर देऊन, मग पहिल्याला मोकळे सोडून तो दर वेळी हुकमी घडवता येतो. यात एक सूक्ष्म सापळा आहे. यादीत नवेच निकाल आहेत ही तपासणी पहिला रिस्पॉन्स पोहोचण्याआधीच खरी असते, आणि प्लेराइटची तपासणी अट खरी दिसताच पास होऊन पुढे जाते. म्हणून उशिरा सोडलेला पहिला रिस्पॉन्स ब्राउझरपर्यंत पोहोचून ॲप्लिकेशनने तो हाताळला, हे आधी निश्चित करावे आणि मगच यादी तपासावी. चौकटीत टाइप केल्यावर रिक्वेस्ट काही क्षण रोखून धरणारा कोड असेल, तर २०२४ मध्ये १.४५ आवृत्तीत आलेल्या घड्याळाच्या सोयीने पानावरची वेळ हवी तेवढी पुढे सरकवता येते.

हार (HAR) फाइल, म्हणजे ब्राउझरच्या रिक्वेस्ट-रिस्पॉन्सची नोंद, तयार करून ती मॉक म्हणून चालवण्याची सोयही प्लेराइटमध्ये आहे, पण तिच्याबद्दल माझे मत मध्यम आहे. यूआरएल आणि मेथड तंतोतंत जुळावी लागते, 'पोस्ट' रिक्वेस्टचा मजकूरसुद्धा तंतोतंत जुळावा लागतो, आणि न जुळलेली रिक्वेस्ट मूळ सेटिंगनुसार तोडली जाते. मजकुरात वेळेचा शिक्का किंवा दर वेळी नवा तयार होणारा आयडी असला की नोंद निरुपयोगी होते. निव्वळ माहिती दाखवणाऱ्या पानांसाठी ती वापरावी. फॉर्म असलेल्या पानांसाठी तिच्या नादी लागू नये.

मॉक खऱ्या एपीआयपासून दूर जाण्याचा धोका कोणत्याच साधनाने पूर्णपणे टळत नाही. सर्व्हरने एका फील्डचे नाव बदलले आणि मॉकमध्ये जुनेच नाव राहिले, तर शेकडो टेस्ट हिरव्या दिसतात आणि प्रत्यक्ष ॲप्लिकेशन मोडलेले असते. प्लेराइटमध्ये 'राउट-फेच' वापरून खरा रिस्पॉन्स आणता येतो, त्यातली एखादीच गोष्ट बदलून तो पानाला देता येतो, आणि त्यामुळे बनावट भाग अगदी लहान राहतो. जिथे खरा सर्व्हर टेस्टसाठी उपलब्ध आहे तिथे मी हाच मार्ग निवडेन. जिथे तो नाही, तिथे मॉकचा डेटा एपीआयच्या वर्णनावरून तयार झालेल्या टाइपस्क्रिप्ट टाइपला बांधून ठेवावा, म्हणजे नाव बदलले की निदान कंपाइलर ओरडेल.

मॉक सर्व्हिस वर्करचा उल्लेख वर आलाच आहे, आणि ती लायब्ररी प्लेराइटसोबत वापरणारे पुष्कळ असल्यामुळे दोघांच्या संघर्षाबद्दल लिहिणे आवश्यक वाटते. ती ब्राउझरमध्ये सर्व्हिस वर्कर (पानाच्या मागे चालणारी स्क्रिप्ट) नोंदवून त्याच्यामार्फत रिक्वेस्ट पकडते. सर्व्हिस वर्करने पकडलेली रिक्वेस्ट प्लेराइटच्या राउटला दिसत नाही. ॲप्लिकेशनमध्ये डेव्हलपमेंटसाठी ही लायब्ररी चालू ठेवली आहे आणि टेस्टमध्ये प्लेराइटचे राउट लिहिले आहेत, अशा प्रकल्पात प्लेराइटचा हँडलर एकदाही चालत नाही, एररही येत नाही, आणि पानावर भलताच डेटा दिसतो. दोहोंपैकी एकाचीच निवड करावी, आणि प्लेराइट निवडले तर कॉन्टेक्स्टच्या सेटिंगमध्ये सर्व्हिस वर्कर बंद करावेत. सर्व्हिस वर्कर सुरक्षित जोडणीवर किंवा लोकलहोस्टवरच चालतात, हेही इथे विसरू नये. स्वतःच्या संगणकावर पास होणारी टेस्ट सीआयमध्ये (कोड बदलल्यावर टेस्ट आपोआप चालवणाऱ्या यंत्रणेत) फेल होते, आणि कारण एवढेच असते की तिथे ॲप्लिकेशन साध्या एचटीटीपीवर कंटेनरच्या नावाने उघडले जाते, त्यामुळे वर्कर नोंदवलाच जात नाही.

या दोघांच्या हँडलरची शिस्तही निराळी आहे. मॉक सर्व्हिस वर्करमध्ये यादीतला जुळणारा पहिला हँडलर चालतो आणि टेस्टमध्ये नंतर जोडलेले हँडलर यादीच्या पुढे बसतात. नोडमध्ये, म्हणजे ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवताना, ते प्रत्येक टेस्टनंतर परत मूळपदावर आणले नाहीत, तर एका टेस्टचा मॉक पुढच्या टेस्टमध्ये डोकावतो. प्लेराइट प्रत्येक टेस्टला नवा ब्राउझर कॉन्टेक्स्ट देते आणि राउट त्याच्यासोबतच संपतात, त्यामुळे हा उपद्रव तिथे नाही. जुनी उदाहरणे पाहून कोड लिहिणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे की ऑक्टोबर २०२३ मधल्या २.० आवृत्तीत या लायब्ररीची लेखनपद्धत मुळापासून बदलली. 'रेस्ट' या नावाने लिहिलेले हँडलर आता 'एचटीटीपी' या नावाने आणि वेब मानकांतील रिक्वेस्ट-रिस्पॉन्स ऑब्जेक्ट वापरून लिहावे लागतात.

ज्यांचे ॲप्लिकेशन पूर्णपणे ब्राउझरमध्ये चालते त्यांना मी प्लेराइटचेच राउट, पहाऱ्याच्या हँडलरसह, बिनदिक्कत सुचवेन. ज्यांची पाने सर्व्हरवर तयार होतात त्यांच्यासाठी मात्र चित्र वेगळे आहे. पान बनवताना लागणारा डेटा तिथे सर्व्हरची प्रोसेस स्वतः आणते. ती रिक्वेस्ट ब्राउझरमधून जातच नाही, आणि म्हणून प्लेराइटला ती ना अडवता येते ना ट्रेसमध्ये दाखवता येते. ट्रेसच्या नेटवर्क तक्त्यात फक्त तयार पानाची रिक्वेस्ट दिसली आणि डेटाची एकही दिसली नाही, तर आपण याच परिस्थितीत आहोत असे समजावे. अशा वेळी सर्व्हरच्या प्रोसेसमध्येच मॉक सर्व्हिस वर्करची नोडसाठीची बाजू चालू करावी, किंवा एपीआयचा मूळ पत्ता एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून बदलून तो एका लहानशा बनावट सर्व्हरकडे वळवावा. टेस्ट समांतर चालत असतील तर सर्वांचा बनावट सर्व्हर एकच असतो, त्यामुळे प्रत्येक टेस्टने स्वतःची ओळख सांगणारा हेडर प्लेराइटच्या अतिरिक्त हेडरच्या सेटिंगमधून पाठवावा आणि ॲप्लिकेशनच्या सर्व्हरने तो पुढच्या रिक्वेस्टवर तसाच चढवावा. बनावट सर्व्हरने हेडर नसलेल्या रिक्वेस्टला कोणताही सर्वसाधारण डेटा देऊ नये. ५०० ची एरर द्यावी आणि तिच्या मजकुरात मागितलेला पत्ता लिहावा.